अण्णांच्या मापाचे यंत्र

गिरगाव, मुंबई
१२ जून १९९५

चि. वसंत यास,

आशीर्वाद. पत्रातला पहिला परिच्छेद तू न वाचता ओलांडतोस, म्हणून खुशालीचा परिच्छेद लिहीत नाही. वस्तुस्थिती क्रमाने मांडते. त्याच क्रमाने वाच.

पहिली गोष्ट अण्णांच्या आजाराची. तो स्नायूंचा आहे आणि त्याला उलटा रस्ता नाही. बहुतेकांना तो हातापायांपासून सुरू होतो, अण्णांना ओठांपासून झाला. आधी बोलणे अडखळले, मग थांबले, मग ओठ हलायचेही राहिले. त्यानंतर हात गेले. डॉक्टर मुदत सांगत नाहीत. पण पुढच्या उन्हाळ्याविषयी विचारले की ते चष्मा पुसू लागतात, आणि मला तेवढे पुरते.

दुसरी गोष्ट, काय शिल्लक आहे. डोळे आहेत. उजव्या पायाचा अंगठा आहे. बुद्धी तर पूर्वीइतकीच धारदार आहे. काल वर्तमानपत्र वाचून दाखवताना मी एक कंटाळवाणी ओळ गाळली, तर ती वाचेपर्यंत त्यांनी माझ्यावरून नजर काढली नाही.

तिसरी गोष्ट. सध्या आम्ही पुठ्ठ्यावर बोलतो. पुठ्ठ्यावर मी मुळाक्षरे लिहिली आहेत. मी बोट फिरवते, हवे ते अक्षर आले की ते डोळे मिटतात. डोळे मिटणे म्हणजे होकार. मला त्यांचे म्हणणे दोन अक्षरांतच कळते, त्यामुळे काम भराभर होते. परवा त्यांनी ‘पं’ म्हणताच मी विचारले, ‘पंखा वाढवू?’ त्यांनी डोळे मिटले. तेव्हापासून पंखा पूर्ण वेगात असतो.

चौथी गोष्ट. गेल्या रविवारी अण्णांनी पुठ्ठ्यावर ‘वसंतला’ असा शब्द पुरा केला. पुढे मी ‘कळवू?’ म्हटले. डोळे उघडेच. ‘बोलवू?’ उघडेच. मी आणखी चार पर्याय दिले. शेवटी त्यांनी नव्याने अक्षरे वेचली: ‘तू नको. मशीन.’ परदेशी असे रुग्ण संगणकावर लिहितात, हे डॉक्टर त्यांच्यासमोर बोलले होते. थोडक्यात, तुला काही सांगायचे आहे आणि ते माझ्या तोंडून सांगायचे नाही. याविषयी माझे मत मी येथे नोंदवत नाही.

पाचवी गोष्ट. संगणक घेण्याचे दोन मार्ग आहेत. एक, नावाजलेल्या कंपनीचा, ऑपेरा हाउसजवळच्या वातानुकूलित दुकानातून, हमीपत्रासह. दुसरा, लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग गोळा करून कोणीतरी जोडून दिलेला. माझे मत पहिल्याच्या बाजूने आहे. जोडून दिलेल्या वस्तूमागे कोणाचेच नाव उभे नसते.

सहावी आणि शेवटची गोष्ट. तू परदेशी याच व्यवसायात आहेस, म्हणून तुझा सल्ला मागते आहे. गिरणीच्या संपाच्या वर्षापासून तू अण्णांना एक ओळ लिहिलेली नाहीस. दिवाळीला फोन करतोस आणि ‘घरी सगळे बरे?’ असे विचारतोस. त्या ‘सगळे’मध्ये अण्णा येतात की नाहीत, हे मी कधी विचारले नाही. आजही विचारत नाही.

तुझी
मीनाताई


३ जुलै १९९५

चि. वसंत,

पत्राचे उत्तर फोनवर देणे म्हणजे परीक्षेची उत्तरपत्रिका तोंडी सोडवणे होय. असो. ‘ताई, ब्रँडेडच घे, त्यात विचार करण्यासारखं काही नाही,’ हे तुझे वाक्य मी शब्दशः पाळले. यंत्र आले.

ते देखणे आहे, हे मान्य केले पाहिजे. मलईच्या रंगाचे, कोठेही खिळा दिसत नाही, मागच्या बाजूला कंपनीचे चंदेरी सील. सोबत आलेला इंजिनिअर गळ्यात टाय बांधून तीन जिने चढला. चाळीतली मुले दाराशी गोळा झाली. त्याने बटण दाबले, पडद्यावर निळा उजेड आणि रंगीत चौकटी आल्या, आणि अण्णा त्याकडे असे पाहत राहिले की क्षणभर मला वाटले, आपले काम झाले.

मग मी सांगितले की पडद्यावर मराठी अक्षरे हवीत. देवनागरी दाखवणारे एक कार्ड मिळते. ते यंत्राच्या पोटात खोचावे लागते, हे मी वाचून ठेवले होते.

‘मॅडम, आत जागा नाही,’ तो म्हणाला. ‘मॉडेल कॉम्पॅक्ट आहे. आणि बॉक्स उघडला, सील तुटलं, की कंपनीचा संबंध संपला.’

‘आणि ज्याला फक्त पायाचा अंगठा हलवता येतो, त्याने हा वापरायचा कसा?’

त्याने अण्णांकडे पाहिले, कीबोर्डकडे पाहिले. ‘तसं रिक्वायरमेंटमध्ये लिहायला हवं होतं,’ म्हणाला. आणि मग, ‘इंग्लिश चालणार नाही का? साहेबांना इंग्लिश येत असेल.’

मुलगा वाईट नव्हता. त्याच्यासाठी मी पुठ्ठा उचलला आणि अण्णांनी उत्तर दिले: ‘इंग्रजीत फक्त रिपोर्ट लिहिले.’

अण्णा गिरणीतल्या साचेखात्याचे, कापड विणणाऱ्या मागांचे मास्तर. रोज संध्याकाळी किती कापड निघाले, कोणता साचा बंद राहिला, याचा अहवाल ते साहेबाला सुरेख इंग्रजीत लिहीत. पण घरी येऊन आपल्याशी ते ज्या भाषेत बोलले, तिला तर आवाजही नव्हता. तुला आठवत असेलच. साचेखात्यात शेकडो साच्यांच्या खडखडाटात कोणालाच काही ऐकू येत नसे, म्हणून तेथे सारे ओठांनी बोलत. अण्णांनी तीच विद्या घरी आणली. भिंती पातळ, शेजारी कान लावून बसलेले. आपण जेवताना नुसते ओठ हलवून भांडायचो आणि बाहेर लोकांना वाटायचे, विजयकरांचे घर किती शांत. आई ओठांनी शिव्या देण्यात अण्णांहूनही तरबेज होती.

यंत्र कोपऱ्यात आहे. त्याच्यावर मी धूळ बसू देत नाही. आता काय करावे ते लिही. फोन करू नकोस.

मीनाताई


२४ जुलै १९९५

चि. वसंत,

तू फोन केलास. ‘थांब, मी इथून काहीतरी बघतो,’ म्हणालास. तुझे ‘काहीतरी’ पोहोचेपर्यंत अण्णांचा अंगठा थांबेल याची हमी कोणती कंपनी देते, तेही बघ.

सखूबाई तुला आठवते ना? वरळी कोळीवाड्याची, आपल्याकडे आईच्या वेळेपासून मासे घालणारी. सध्या होड्या बंद आहेत, म्हणून ती सुकट आणि सुके बोंबील घेऊन येते. तिने कोपऱ्यातले यंत्र पाहिले आणि टोपली उतरवून उंबऱ्यावर बसली.

‘शोरूमचा आनला ना बाय? मग बोलला का?’

‘सखूबाई, त्यातलं तुला कळणार नाही.’

‘त्यातलं मना नकोच. म्हातारा बोलला का, तेवढं सांग.’

मी सुकट निवडू लागले.

‘होडी कोन दुकानातून आनतं गो? खाडी बघायची, चालवनारा बघायचा, मग लाकडाला हात लावायचा. आमची गुणवंती बनवतंय कंपूटर. लॅमिंग्टन रोडला. जा तिच्याकडं, नायतर हा इथं देवासारखा ठेव आनि फुलं वाहा.’

हा उद्धटपणा मी केवळ वयाकडे पाहून सोडून दिला आणि दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर तेथे गेले. जिन्याखालची जागा, अर्धे दुकान घड्याळवाल्याचे, अर्धे हिचे. पाटीवर ‘कॉम्प्युटर’ चुकीचे लिहिले होते, ते मी प्रथम निदर्शनास आणले. गुणवंती तिशीच्या आतली असेल. इलेक्ट्रॉनिक्सची पदविका आहे, हातात डाग देण्याचे तापलेले हत्यार होते आणि ते तिने खाली ठेवले नाही.

‘पाटी तपासायला आलात की मशीन घ्यायला?’ ती म्हणाली. ‘बसा. स्टूल हलतं, टेकू नका. कोण वापरणार?’

‘माझे वडील.’

‘बसून की झोपून?’

‘डाव्या कुशीवर.’

‘चष्मा वाचायचा की लांबचा? खिडकी कुठल्या बाजूला? सकाळी फ्रेश असतात की संध्याकाळी? दमले की किती वेळ जातो परत सुरू व्हायला?’

‘एवढ्या चौकशा कशाला?’

‘मग शोरूमला जा ना. तिकडे फक्त रॅम किती ते विचारतात.’

मी कंपनीच्या यंत्राचे गुण सांगितले. तिने शांतपणे ऐकले. ‘मॅडम, तुमचा डबा उघडला तर आत माझ्या ह्याच फळीवरचे पार्ट निघतील. बोर्ड तैवानचा, डिस्क सिंगापूरची. नाव तेवढं त्यांचं. तो चांगला आहे, मी वाईट नाही म्हणत. पण तो कुणासाठीच बनवलेला नाही.’

वसंत, मी संख्याशास्त्र शिकवते. ज्याला आम्ही सरासरी मनुष्य म्हणतो तो कोठेही राहत नाही, हे पहिल्या वर्षाच्या मुलांना मीच सांगते. तेच वाक्य मी स्वतः विकत घेताना विसरले आणि एका जिन्याखाली मला ते परत मिळाले. मला राग आला नाही, हे मलाच विशेष वाटले.

मी तिला काम दिले. एकच अडचण आहे. नारळी पौर्णिमेआधी ती यंत्र देणार नाही. ‘पुनवेच्या आदी आमच्यात नवं काय पान्यात लोटत नाय,’ हा सखूबाईचा निवाडा. गुणवंती म्हणते की तिला प्रोग्राम लिहायला तेवढे दिवस लागतीलच, आईचा मान फुकटात राखला जातो.

तुझा विरोध मला ठाऊक आहे. तो कागदावर लिहून पाठव, म्हणजे त्याला उत्तर देता येईल.

मीनाताई


१४ ऑगस्ट १९९५

चि. वसंत,

‘असेंबल्ड मशीन ऐनवेळी मान टाकतं, ताई, मग मला सांगू नकोस.’ हे तू फोनवर म्हणालास आणि मी ते उतरवून ठेवले आहे. आता जे घडले ते वाच.

पौर्णिमा झाली आणि दुसऱ्याच दिवशी गुणवंती आली. यंत्राला अंगभर कवच नाही. एक बाजू उघडी, आतल्या तारा दिसतात. पडदा तिने अण्णांच्या उशीच्या उंचीवर, आडव्या माणसासाठी आडवा बसवला. पडदा असा कुशीवर झोपलेला मी प्रथमच पाहिला.

मग प्रश्न आला तो कळीचा. अंगठा इतका थोडा हलतो की बाजारातले कोणतेही बटण त्याने दाबले जाईना. गुणवंतीने तीन आणली होती, तिन्ही परत पिशवीत टाकली. ‘ह्याच्याहून हलकं बटण नाही मॅडम मार्केटमध्ये.’

त्या वेळी मला अण्णांची पुस्तके आठवली. पानांत खूण म्हणून ते नेहमी एक पातळ पोलादी पट्टी ठेवत. साच्यावर ताण्याच्या प्रत्येक उभ्या धाग्यावर अशी एक पट्टी लटकत असते. धागा तुटला की ती खाली पडते, दोन तारा जुळतात आणि अवाढव्य साचा जागच्या जागी थांबतो. अण्णा आपल्याला लहानपणी सांगत, ‘एक धागा तुटला तरी यंत्राला कळलं पाहिजे.’ मी कपाटातून पट्टी काढून गुणवंतीच्या हातावर ठेवली. तिने ती प्रकाशात धरली, बोटावर तोलली. ‘हिला तर श्वाससुद्धा कळेल,’ म्हणाली, आणि कामाला लागली. अंगठ्याला शिवणाचा दोरा बांधला, दोरा रिकाम्या रिळावरून वर नेला, टोकाला पट्टी. अंगठा जरासा वर झाला की दोरा सैल पडतो, पट्टी घसरते, तारा जुळतात.

अण्णांना मी पट्टी दाखवली. त्यांनी डोळे मिटले आणि पुष्कळ वेळ उघडले नाहीत. आमच्या पुठ्ठ्याच्या भाषेत त्याचा अर्थ ‘हो’.

सखूबाई नारळ घेऊन आली होती. ती यंत्रावरच फोडायला निघाली. गुणवंती किंचाळली, ‘आये, पानी जाईल आत, सगळं जळेल!’ शेवटी नारळ गॅलरीत फुटला आणि खोबरे यंत्राच्या कोपऱ्यातल्या भावालाही, कंपनीच्या यंत्रालाही, दाखवले गेले, ‘रुसायला नको’ म्हणून.

पडद्यावर अक्षरांच्या ओळी आल्या. उजेडाची एक चौकट ओळीओळीने खाली सरकते, हवी ती ओळ आली की अण्णा अंगठा हलवतात, मग चौकट त्या ओळीतल्या अक्षरांवरून जाते, पुन्हा अंगठा. आम्ही तिघी पडद्यापुढे उभ्या होतो. मनात म्हणत होते, आता तुझे नाव येणार.

पट्टी पडली. टक्. एक अक्षर उमटले. चौकट पुन्हा वरपासून निघाली. टक्. मी बोलण्यासाठी तोंड उघडले. गुणवंतीने माझ्याकडे न पाहता हात वर केला. मी थांबले. आयुष्यात प्रथमच अण्णांचे वाक्य अण्णांनाच पुरे करू दिले.

‘पंखा बंद करा. थंडी वाजते.’

सखूबाई हसत हसत खाली बसली. मी पंखा बंद केला. जूनपासून मी तो पूर्ण वेगात ठेवला होता, आणि ते दर वेळी डोळे मिटत होते, कारण वाद घालण्याची शक्ती पंख्यावर खर्चावी असे त्यांना वाटले नसावे. पंखा थांबल्यावर खोलीत जी शांतता झाली तीत ती पट्टी पुन्हा वर चढताना ऐकू येत होती. मी देवळात अशी कधी उभी राहिलेली नाही.

मीनाताई


८ सप्टेंबर १९९५

चि. वसंत,

तुझे भाकीत अर्धे खरे ठरले. ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल.

आधी माझ्या बाजूचे सांगते. अक्षरे कोणत्या क्रमाने मांडावीत हे काम मी माझ्याकडे घेतले होते. जे अक्षर अधिक लागते ते वर हवे, म्हणजे चौकटीला कमी चालावे लागते. मी वर्तमानपत्रांचे अग्रलेख घेऊन अक्षरांची वारंवारता काढली. तंत्र निर्दोष होते. तरी अण्णांना साधे ‘पाणी’ लिहायला घाम फुटे. गुणवंतीने माझी मांडणी पाहिली आणि विचारले, ‘आजोबा काय अग्रलेख लिहिणार आहेत?’ मी उत्तर देण्याआधी पट्टी पडू लागली. अण्णांनी बराच वेळ घेऊन लिहिले: ‘कोण बोलतं असं?’ अर्थातच कोणी बोलत नाही. मग मी जेवणाच्या वेळची आपली वाक्ये आठवून बसले. आण, वाढ, पुरे, गप, आई, मीनू, वसू. त्यावरून नवी मांडणी केली. ‘व’ आणि ‘स’ बरेच वर आले.

आता तुझी बाजू. गेल्या सोमवारपासून अण्णा दोन सकाळी खपून काहीतरी मोठे लिहीत होते. मला पाहू देत नव्हते. मी जवळ गेले की अंगठा थांबे. मी गॅलरीत जाऊन बसे. मंगळवारी पडदा एकदम काळा झाला. पुन्हा सुरू केला तेव्हा सारे पुसले गेले होते. अण्णांचे डोळे कोरडे होते, पण मला त्यांच्याकडे पाहवेना. मी गुणवंतीला बोलावून जे बोलले ते येथे लिहिण्याजोगे नाही. कोपऱ्यातल्या सीलबंद यंत्राकडे बोट दाखवून मी म्हटले की ते असे कधीच करणार नाही.

‘नाही करणार,’ ती म्हणाली. ‘कारण ते काहीच करणार नाही.’ मग खाली बसली, उघड्या बाजूतून हात घातला आणि तारांचा एक पट्टा हलवून पाहिला. ‘सैल झाला होता. माझी चूक. भरतीच्या पाण्यात नवी होडी एकदा गळतेच. कुठे गळते ते बघायचं आणि तिथेच ठोकायचं.’

हमीपत्रात मी असे वाक्य वाचलेले नाही: माझी चूक. तू ज्या कंपनीत आहेस तिच्या कागदांत असेल, तर मला कळव.

त्याच दिवशी तिने जुना छापणारा यंत्रखटारा आणून जोडला. आता अण्णांनी अक्षर निवडले की ते त्याच क्षणी कागदावर उमटते, खर्र करून. वीज जावो, पडदा जावो, अक्षर राहते. अण्णांना तो खडखडाट फार आवडतो. मला वाटते त्यांना साचेखाते आठवते; पण हा माझा तर्क आहे, आणि मी तर्क करणे सध्या सोडले आहे.

कागद छापल्यावर पलीकडच्या टोपलीत पडतो. टोपली भिंतीकडे तोंड करून ठेवावी, अशी त्यांची लेखी सूचना आहे. मी ती पाळते.

अंगठा आता दुपारनंतर हलत नाही. पूर्वी संध्याकाळपर्यंत हले.

मीनाताई


२२ सप्टेंबर १९९५

चि. वसंत,

काल सारे गिरगाव हातात वाटी-चमचा घेऊन देवळांपुढे रांगा लावून उभे होते. गणपती दूध पितो, अशी वार्ता होती. तुझ्याकडेही पोहोचली असेल. सखूबाई दूध पाजून थेट आपल्याकडे आली. मी तिला पृष्ठताण समजावून सांगितला. ‘असंल,’ ती म्हणाली, ‘पन प्याला ना?’ माझी वाक्ये जुळवून तयार होती, पण त्याच वेळी आतून घंटा वाजली. अंगठा उचलून धरला की घंटा वाजते, ही गुणवंतीचीच योजना. मी आत गेले.

पडद्यावर दोनच शब्द होते: ‘मीनू, वाच.’ अण्णांची नजर टोपलीकडे.

कागद सोबत जोडला आहे. तो तुझा आहे. मजकूर खाली उतरवते, कारण छपाई फिकट आहे आणि हे वाक्य पुन्हा लिहिण्याइतका अंगठा आता उरलेला नाही.

‘वसंत. गेटवर तू ओठांनी काही म्हणालास. मी खाली पाहिलं. वाचलं नाही. काय म्हणालास?’

मी ते वाचले, आणि पुन्हा वाचले. अण्णा माझ्याकडे पाहत होते. मी विचारले, ‘वाचलं नाहीत?’ आणि पुढचे काहीही सुचवले नाही.

आता त्या दिवसाची गोष्ट लिहिते. तू ती विसरलेला नाहीस, पण तुला तिची एकच बाजू ठाऊक आहे, आणि कालपर्यंत मलाही तीच ठाऊक होती. संपाचा तो काळ. गेटबाहेर कामगार, घोषणा, ढोल. तू त्यांच्यात उभा. अण्णांना अधिकारी म्हणून आत जावे लागे, आणि ते जात होते. त्या गोंगाटात तू त्यांच्याकडे तोंड करून, आवाज न काढता, आपल्या घरच्या भाषेत काहीतरी बोललास. शेजारच्या लवूने ते पाहिले आणि चाळभर केले. अण्णा थांबले नाहीत. आत गेले आणि संध्याकाळपर्यंत बंद साच्यांमध्ये बसून आले. जेथे आता हळू बोलले असते तरी ऐकू आले असते, आणि बोलायला कोणी नव्हते.

घरी त्यांनी अवाक्षर काढले नाही. आम्ही समजलो, तू काहीतरी भयंकर म्हणालास. आई गेली तीही तसेच समजून. तू समजलास, अण्णांनी वाचले आणि तरीही ते आत गेले. तू परदेशी निघून गेलास. अण्णांनी कोणाचाच समज दुरुस्त केला नाही, कारण दुरुस्त करायचा तर आपण मान खाली घातली होती हे सांगावे लागले असते. साचेखात्यात तीस वर्षे ज्याच्या नजरेतून एक ओठ सुटला नाही, त्या मास्तरने आपल्या मुलाच्या ओठांवरून नजर काढली.

आज सकाळी त्यांनी आणखी एक ओळ छापली. मी मागितली नव्हती. ‘वाचलं असतं तर आत जाता आलं नसतं.’

वसंत, मी शिकलेली बाई आहे आणि चमत्कार मानत नाही. पण मी काल घरात उभी राहून पाहिले की कोळीवाड्यातल्या एका मुलीने जोडलेले, एका बाजूने उघडे, एकदा गळलेले यंत्र, शिवणाचा दोरा आणि गिरणीतली एक पट्टी यांच्या आधाराने एक माणूस आपले मोडलेले वाक्य तेरा वर्षांनी जोडतो आहे. बाहेर लोक दगडाच्या ओठांना दूध लावत होते. मी त्यांना हसणार होते. हसले नाही.

कंपनीचे यंत्र मी वाडीच्या वाचनालयाला दिले. तेथे ते उत्तम चालेल. तेथे ते सर्वांसाठी आहे. सील शाबूत आहे.

आता माझी मागणी.

तू काय म्हणाला होतास ते लिही. जसे होते तसे. शिवी असेल तर शिवी लिही. दोन शब्द असतील तर दोनच लिही. त्यांना आजच्या समजूतदारपणाचे अस्तर लावू नकोस आणि माझ्यासाठी ते सोपेही करू नकोस. तू काय म्हणाला असशील याविषयी तेरा वर्षे माझे एक ठाम मत होते. ते मी मागे घेते, आणि त्याच्या जागी दुसरे ठेवत नाही.

फोन करू नकोस. या घरात फोनवर उत्तर देऊ शकणारा माणूस तुला प्रश्न विचारत नाही. ज्याने विचारला आहे तो एकेका अक्षरासाठी एक दोरा सैल करतो, आणि त्याला वाचता येते. अजून येते. पाकिटावर माझे नाव घालू नकोस, त्यांचे घाल: श्री. गंगाधर विजयकर. मी पाकीट फोडीन, कागद त्यांच्या चष्म्यापुढे धरीन, आणि त्यांचे वाचून होईपर्यंत खिडकीकडे तोंड करून उभी राहीन.

तुझ्या हस्ताक्षरात, मराठीत, परतीच्या टपालाने लेखी उत्तर पाठव.

मीनाताई